पहिला आला, तरी तेरावा: रोइंगची शर्यत बघायची कशी

मी अल नहदामधून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, वाळवंटात राहून याला होड्या कुठून सुचल्या? पण ममझरची खाडी आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, अल इत्तिहाद रोडवर ट्रॅफिक नसेल तर. आणि या रोडवर ट्रॅफिक नसल्याचं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. असो.

सुरुवातीला एक कोडं. ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंगमधली आपली शेवटची शर्यत खेळतो. सहा होड्या सुटतात, दत्तूची होडी सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडते, वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. आणि बातमी येते: दत्तू तेरावा. पहिला आला तर तेरावा कसा? आपल्यातल्या बहुतेकांनी ती बातमी वाचली, "अरेरे, तेरावा" म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. आज ते पान जरा मागे उलटू या. हे कोडं सुटलं की रोइंगची शर्यत कशी चालते ते जवळजवळ सगळं कळतं.

दत्तूचा प्रकार होता सिंगल स्कल्स, म्हणजे एकट्याची होडी. रिओला त्यात ३२ देशांचे ३२ जण होते. पाण्यात लेन मात्र सहाच. त्यामुळे फेऱ्या लावाव्या लागतात. पहिल्या फेरीत सहा गट, प्रत्येक गटातले पहिले तिघे थेट पुढे. मागे राहिलेल्यांना तिथे आणखी एक संधी होती, तिला 'रेपेशाज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, कल्पना आपल्या एटीकेटीच्या जवळची. दत्तू आपल्या गटात तिसरा आला, वेळ ७ मिनिटं २१.६७ सेकंद, त्यामुळे रेपेशाजची वेळच आली नाही. मग उपांत्यपूर्व फेरी. तिथे २४ जण, सहा-सहाच्या चार शर्यती. इथला नियम कडक असतो: पहिले तीन वरच्या अर्ध्यात, उरलेले तीन खालच्या अर्ध्यात. दत्तूने ६ मिनिटं ५९.८९ सेकंद वेळ दिली आणि तो चौथा आला.

खरा निकाल तिथेच लागला. वरचे बारा जण १ ते १२ या क्रमांकांसाठी खेळणार, खालचे बारा १३ ते २४ साठी. म्हणजे उपांत्यपूर्व फेरीतला चौथा नंतर कितीही जीव तोडून वल्हवो, तेराव्याच्या वर त्याला जाताच येत नाही. खालच्या अर्ध्यातही उपांत्य फेरी होते, आणि तिच्यातून वर आलेले सहा जण 'फायनल सी'मध्ये १३ ते १८ क्रमांक ठरवतात. ती फायनल सी दत्तूने जिंकली. उपांत्यपूर्व फेरीनंतर त्याला मिळू शकणारी सगळ्यात वरची जागा त्याने घेतली. पदक मिळणार नाही हे माहीत असताना, आदल्या शर्यतींचा शीण अंगात असताना, त्याने त्या स्पर्धेतली स्वतःची सगळ्यात चांगली वेळ दिली. मला विचाराल तर त्याच्या रिओच्या शर्यतींत बघण्यासारखी हीच आहे.

२०१२ साली लंडनला याच प्रकारात स्वर्ण सिंग १६वा आला होता. २०२४ साली पॅरिसला बलराज पंवार २३वा आला. म्हणजे तेरा हा आकडा भारतासाठी केवढा आहे, ते तुमच्या लक्षात येईल. स्वर्ण सिंग हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वेळांबद्दल एक गंमत. तोच माणूस, तीच होडी, तेच पाणी, मग ७:२१ आणि ६:५४ एवढा फरक का? वारा. रिओच्या त्या तळ्यात पहिल्या दिवशी पाणी इतकं खवळलं होतं की सर्बियाच्या दोघांची होडी चक्क उलटली. समोरून वारा असला की वेळ वाढते, पाठीमागून असला की कमी होते. म्हणून रोइंगमध्ये 'विश्वविक्रम' असं सहसा म्हणत नाहीत, 'आजवरची सर्वोत्तम वेळ' म्हणतात. आजच्या शर्यतीची वेळ कालच्या शर्यतीशी ताडून बघू नका. त्या दिवशी, त्या पाण्यात कोण कुणाच्या पुढे होतं, एवढंच खरं. त्याच ऑलिंपिकच्या मुख्य अंतिम शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्राइसडेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांचीही वेळ ६ मिनिटं ४१.३४ सेकंद लागली. दोन किलोमीटर वल्हवल्यावर शंभराव्या भागापर्यंत बरोबरी! शेवटी फोटो बघून ड्राइसडेलला सुवर्ण दिलं. प्रत्येक होडीच्या टोकाला एक छोटा रबरी चेंडू असतो. धडक झाली तर कुणाला टोक लागू नये म्हणून तो असतो, आणि निकालात तो चेंडू रेषेवर कधी पोचला तेच बघतात.

थोडं दत्तूबद्दल, कारण त्याची गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसते. तळेगाव रोही हा दुष्काळी पट्टा. दत्तू वडिलांबरोबर विहिरी खणायच्या कामाला जायचा. पाण्याच्या शोधात जमीन फोडणारा माणूस पुढे पाण्यावर नाव काढतो, हे कादंबरीत वाचलं असतं तर आपण लेखकाला नावं ठेवली असती. २०११ साली वडील गेले, २०१२ साली तो सैन्यात भरती झाला, आणि पुण्याला पहिल्यांदा रोइंगच्या होडीत बसला. तेव्हा तो विशीत होता. त्यानंतर चारच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियात चुंगजूला पात्रता स्पर्धेत दुसरा येऊन त्याने ऑलिंपिक गाठलं. रिओला भारताचा तो एकटाच रोइंगपटू होता. त्या दिवसांत त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती.

पुण्यातल्या मंडळींनो, मुंबई-पुणे रस्त्याने जाताना दापोडीजवळ सीएमईची, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगची, लांबच लांब भिंत लागते ना? सैन्याचं रोइंग केंद्र त्या भिंतीच्या आत आहे. भारताचे कितीतरी रोइंगपटू तिथे घडले. आणि सीओईपीवाले आता हात वर करतीलच: संगमाजवळचा तुमचा बोट क्लब आणि तुमचा रेगाटा आम्ही विसरलेलो नाही. फक्त तो रेगाटा म्हणजे मुख्यतः पाण्यावरचं प्रदर्शन असतं, रचना आणि कसरती. आज आपण शर्यतीबद्दल बोलतोय.

शर्यतीची होडी आधी डोळ्यांसमोर आणा. एकट्याची होडी सुमारे आठ मीटर लांब असते, आणि पाण्याला टेकते तिथे फूटभरही रुंद नसते. वजन कमीत कमी १४ किलो, म्हणजे सुट्टीला निघताना आपण एका बॅगेत जेवढं कोंबतो त्याच्या निम्मं. आठ जणांची होडी सतरा-अठरा मीटरची. अल नहदातल्या कुठल्याही टू बीएचकेमध्ये, दारं-खिडक्या उघडून ठेवल्या तरी, ती मावायची नाही. होडी स्वतःहून सरळ उभी राहत नाही. वल्ही पाण्यावर टेकलेली असतात म्हणून ती उलटत नाही, सायकलसारखंच.

प्रकार लक्षात ठेवायला एकच प्रश्न पुरतो: माणशी वल्ही किती? माणशी दोन, म्हणजे दोन्ही हातांत एकेक, तर 'स्कलिंग'. माणशी एकच लांब वल्हं दोन्ही हातांनी धरलेलं, तर 'स्वीप'. स्कलिंगमध्ये एकट्याची, दोघांची आणि चौघांची होडी असते. स्वीपमध्ये दोघांची, चौघांची आणि आठांची. स्वीपमध्ये सहसा एकाचं वल्हं डावीकडे तर पुढच्याचं उजवीकडे, त्यामुळे तिथे एकट्याची होडी शक्यच नाही, ती गोल गोल फिरत राहील.

इथे एक गोंधळ निस्तरतो. आमच्या इमारतीत अर्ध्याहून जास्त शेजारी मल्याळी आहेत. रोइंगचा विषय काढला की ते लगेच अलप्पुळाच्या नेहरू ट्रॉफीवर येतात, शंभराच्या वर माणसं बसणाऱ्या त्यांच्या सर्पनौकांवर. आणि ऑफिसातली मंडळी म्हणतात, "आम्ही केलंय की रोइंग, फेस्टिव्हल सिटीला ड्रॅगन बोट केली होती." दुबईत कंपन्यांच्या ड्रॅगन बोट स्पर्धा होतात, मीही त्यात दोन-तीनदा भिजलोय. वीस जण वल्हवणारे, एक ढोल वाजवणारा, एक सुकाणूवर. मजा येते. पण सर्पनौका काय नि ड्रॅगन बोट काय, दोन्हींत माणसं पुढे तोंड करून बसतात आणि वल्हं हातात मोकळं असतं, होडीला बांधलेलं नसतं. रोइंगमध्ये वल्हं होडीबाहेर काढलेल्या लोखंडी किंवा कार्बनच्या हाताला अडकवलेलं असतं, बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते, आणि वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. तो पुढे जातो, पण त्याला दिसतं ते मागे पडलेलं पाणी. आघाडीवर असलेल्याला सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात. मागे पडलेल्याला कुणीच दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात.

सरकत्या बैठकीमुळे हा खेळ हातांचा राहत नाही, पायांचा होतो. वल्ह्याचा एक फेरा असा चालतो: गुडघे छातीशी, हात लांब, पातं पाण्यात. मग पायांनी रेटा द्यायचा. पाय सरळ होत आले की पाठ मागे, आणि सगळ्यात शेवटी हात पोटाशी. पातं पाण्याबाहेर काढायचं, आडवं करायचं म्हणजे वाऱ्याला कापत जाईल, आणि उलट्या क्रमाने पुन्हा पुढे यायचं: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. रेट्याला घाई, परतीला सबुरी. परत येताना बैठकीवरून धपकन पुढे सरकलात तर तुमचंच वजन होडीला मागे ढकलतं. आणि पातं वेळेवर बाहेर निघालं नाही, तर पाणी ते धरून ठेवतं आणि वल्ह्याचा दांडा उलटा येऊन छातीत बसतो. याला या खेळात 'क्रॅब' म्हणतात, म्हणजे खेकडा. जोरात लागला तर माणूस होडीबाहेर फेकला जातो.

तुमच्या इमारतीच्या जिममध्ये रोइंग मशीन असेलच. कोपऱ्यात, टॉवेल वाळत घातलेलं. त्यावर बसलेल्या दहांपैकी नऊ जण आधी हातांनी ओढतात, मग पाय हलवतात आणि दोन मिनिटांत कंबर धरून उठतात. वरचा क्रम करून बघा: पाय, पाठ, हात, हात, पाठ, पाय. बाजूच्या चाकावर १ ते १० आकड्यांची एक खिट्टी असते. ती १०वर नेली म्हणजे व्यायाम जास्त होतो असं नाही. सायकलच्या गिअरसारखं आहे ते, होडी जड वाटते इतकंच. तीन ते पाचच्या मध्ये ठेवा. पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागेल ते दिसत राहतं, ते बघत चला. २००० मीटर एकदा करून बघा, मग टीव्हीवरचे लोक काय करतात ते बरोबर कळेल. अव्वल पुरुष खेळाडू तेवढं अंतर मशीनवर सहा मिनिटांच्या आत कापतात. पाठीचं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

आता क्रू. आमच्या एमबीएच्या दिवसांपासून आठांची होडी आमच्या मागे लागलेली आहे. 'टीमवर्क' असं लिहिलेली स्लाइड आली की खाली ठरलेला फोटो: आठ जण, एक लय, मागे सूर्योदय. शिवाय तो जुना विनोद, एक वल्हवतो आणि आठ जण सुकाणू धरतात. दोन्हींमुळे गैरसमजच जास्त झाले. खरी होडी त्या स्लाइडहून बरीच गुंतागुंतीची असते.

जागांचे आकडे पुढच्या टोकाकडून मोजतात. एक नंबर अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे सगळ्यांच्या पाठीमागे. पहिले दोघे चपळ आणि अचूक हवेत, कारण पुढचं निमुळतं टोक त्यांच्या चुकीने लगेच डुलतं. मधले चौघे धिप्पाड, त्यांच्या जागेला इंजिन रूमच म्हणतात. सातवा आणि आठवा लय धरणारे. आठव्याला 'स्ट्रोक' म्हणतात. तो सगळ्यांच्या नजरेसमोर असतो, किती वेगाने आणि केव्हा वल्हं टाकायचं ते त्याच्याकडे बघून ठरतं. स्ट्रोक सगळ्यात ताकदवान असलाच पाहिजे असं नाही. दमल्यावर ज्याची लय बिघडत नाही, त्याला तिथे बसवतात.

आणि त्याच्यासमोर, आठांच्या होडीत पुढे तोंड करून बसलेला एकटा माणूस म्हणजे कॉक्स. सुकाणू त्याच्या हातात, तोंडाशी माइक. आपल्या कोकणातला तांडेल आठवा, फक्त आकाराने लहान. कॉक्स हलका असलेला बरा, पण अगदीच काडीपैलवान आणून बसवू नये म्हणून किमान ५५ किलोचा नियम आहे. कमी भरला तर वजन बरोबर घ्यावं लागतं. पुरुषांच्या होडीत बाई कॉक्स असलेली चालते आणि बायकांच्या होडीत पुरुष. वरच्या विनोदात याचीच चेष्टा आहे, 'न वल्हवणारा मॅनेजर' म्हणून. नियमपुस्तक काय म्हणतं बघा: शर्यतीत वल्हवणारा एखादा पाण्यात पडला, तरी उरलेल्यांनी रेषा ओलांडली तर निकाल धरतात. कॉक्स होडीत नसेल तर धरत नाहीत. प्रतिस्पर्धी कुठे आहेत, किती मीटर उरलेत, कोणाचं वल्हं उशिरा पडतंय, हे तो सांगतो, कारण बाकीच्यांना पुढचं काही दिसतच नाही.

लय धरायला आवाज लागतो हे या भागातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तेल सापडण्याआधी हा किनारा मोत्यांवर जगायचा. मोती काढायला निघालेल्या लाकडी गलबतांवर 'नह्हाम' नावाचा गाणारा ठेवलेला असायचा. त्याचं काम गाणं एवढंच. वल्ही मारताना, शीड चढवताना, दोर ओढताना तो गायचा आणि खलाशी एका तालात साथ द्यायचे. पगार गाण्याचा! माझ्या एका क्लायंटकडे 'स्क्रम मास्टर' नेमका काय करतो असा प्रश्न निघाला होता, तेव्हा मला नह्हाम आठवला. मी काही बोललो नाही.

माणसं वाढवली की वेग किती वाढतो? जून २०१७ मध्ये पोलंडला पोझनान इथे, एकाच स्पर्धेत, न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने एकट्याच्या होडीत २००० मीटर ६ मिनिटं ३०.७४ सेकंदांत मारले आणि जर्मनीच्या आठ जणांनी ५ मिनिटं १८.६८ सेकंदांत. माणसं आठपट, फायदा ७२ सेकंदांचा. वेगाच्या भाषेत ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरवरून साडेबावीस. कारण पाणी. वेग वाढवायला गेलं की पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. दुप्पट वेगाला आठपट ताकद लागते. त्यात आठ जणांचं वजन उचलायला होडीही मोठी लागते, आणि मोठी होडी पाणी जास्त घासते. प्रोजेक्ट मागे पडला की माणसं वाढवायला धावणाऱ्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

म्हणून क्रूमध्ये एकेकाच्या ताकदीची नुसती बेरीज करून चालत नाही. आठ पाती एका क्षणी पाण्यात गेली तर ती ताकद पुढे नेते. अर्ध्या पळाचा फरक पडला की तीच ताकद होडी डुलवण्यात खर्च होते. मशीनवर सगळ्यात चांगली वेळ देणारे चौघे एका होडीत बसवले की तीच होडी जिंकेल, असं कुठलाही प्रशिक्षक छातीठोक सांगणार नाही.

शर्यत सुरू कशी होते? सहा होड्या तराफ्यांना मागचं टोक लावून उभ्या. प्रत्येक तराफ्यावर कुणीतरी पालथं पडून होडीचं शेपूट धरून ठेवलेलं. टोकं एका रेषेत आली की पंच 'अटेन्शन' म्हणतो, लाल दिवा, मग हिरवा. आधी निघालात तर ताकीद, त्याच शर्यतीत दुसऱ्यांदा निघालात तर बाहेर. मोटरबोटीतून पंच मागे येत राहतो, हातात पांढरं आणि लाल निशाण. पहिले काही फटके आखूड आणि भराभर, मिनिटाला चाळीसच्या वर, कारण थांबलेली होडी हलवायची असते. मग लय खाली येते, पस्तिशीच्या आसपास.

२००० मीटरचे पाचशेचे चार तुकडे समजा. टीव्हीवर प्रत्येक तुकड्याची वेळ दाखवतात, डोळे तिथे ठेवा. पहिला जोशात जातो. दुसऱ्यात लय बसते. चौथ्यात शेवट दिसायला लागतो, आणि शेवट दिसला की माणूस कुठून तरी ताकद आणतो. तिसरा तुकडा मात्र वाईट. पायांत आग, छातीत हवा नाही, आणि रेषा अजून लांब. शर्यत बहुधा तिथेच हलते. कुणाची वल्ही वेगवेगळ्या वेळी पडायला लागली, कुणाच्या पाठी गोल व्हायला लागल्या, ते हजार ते पंधराशे मीटरमध्ये बघा. नुसतं कोण पुढे आहे ते बघू नका.

आता पालेम्बांगला चला. ऑगस्ट २०१८, इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धा. दत्तूकडून सिंगल स्कल्सच्या पदकाची अपेक्षा होती. २३ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत तो आजारी होता. सहांत सहावा आला. एकट्याच्या होडीत ही पंचाईत असते, आपण ढासळलो की होडी ढासळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा पाण्यात उतरायचं होतं, चौघांच्या स्कलिंगच्या होडीत, जिला क्वाड्रपल स्कल्स म्हणतात. बरोबर ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि तो मघाचा स्वर्ण सिंग. लंडनच्या ऑलिंपिकला एकट्याच्या होडीत खेळलेला आणि रिओच्या ऑलिंपिकला एकटा गेलेला, असे दोघे एका होडीत. सगळे सैन्यातले.

वरचं सगळं लक्षात ठेवून या शर्यतीकडे बघा. आदल्या दिवशी शेवटचा आलेला माणूस. एकट्याने खेळायची सवय असलेले दोघे, ज्यांना आपापली लय सोडून चौघांची एक लय धरायची आहे. चौघांच्या होडीत कॉक्स नसतो, त्यामुळे सांगणारंही वेगळं कुणी नाही. त्यांनी ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत रेषा ओलांडली. इंडोनेशिया तीन सेकंदांहून जास्त मागे, थायलंड त्याच्याही मागे. आशियाई स्पर्धांत रोइंगचं पहिलं सुवर्ण भारताला २०१० साली बजरंगलाल ताखरने एकट्याच्या होडीत मिळवून दिलं होतं. हे मात्र क्रूचं सुवर्ण होतं. २०२० साली दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता आपल्या घरच्या कामाचं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी ऐकणाऱ्यांची मुलं शाळेत रोइंग निवडतात, आणि पहाटे पाचला मुलांना नदीवर सोडायला जाणाऱ्या आईबापांना काठावर उभं राहून काय चाललंय ते कळत नाही. बॉस्टनजवळ असाल तर ऑक्टोबरात 'हेड ऑफ द चार्ल्स'ला जा, १९६५ पासून होते. त्यात होड्या एकेक करून सुटतात, घड्याळाविरुद्ध, त्यामुळे समोर दिसते ती होडी पहिली असेलच असं नाही. इंग्लंडात हेन्लीची स्पर्धा १८३९ पासून होते, तिच्यात एका वेळी दोनच होड्या लढतात, हरला तो घरी. नवख्या माणसाला समजायला ती सगळ्यात सोपी. अमेरिकेत एक गोष्ट मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावी: विद्यापीठांत महिलांचं रोइंग १९९७ पासून एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत आहे, पुरुषांचं नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या जागा बहुतेक मुलींकडे आहेत. नियम विद्यापीठाकडूनच विचारून घ्या. आणि मुलाला पोहता यायलाच हवं. क्लबने आधी पोहण्याची चाचणी घेतली नाही, तर तो क्लब बदला.

एक फेरबदल मात्र आत्ताच ऐकून ठेवा. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कमी वजनाच्या गटाचं रोइंग नसेल. टोकियोला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग याच गटात दोघांच्या होडीत अकरावे आले होते, म्हणजे आपला एक चांगला दरवाजा बंद झाला. त्याऐवजी 'बीच स्प्रिंट' येतंय: वाळूवरून धावत जाऊन होडीत उडी, समुद्रात बोयांना वळसा, परत किनाऱ्यावर येऊन पुन्हा धाव. नेहमीच्या शर्यती लाँग बीचच्या त्या पाण्यात होणार आहेत जिथे १९३२ सालच्या ऑलिंपिकच्या झाल्या होत्या. पण आता तिथे दोन किलोमीटरची सरळ जागा नाही, म्हणून अंतर १५०० मीटरच असेल. चारातला एक तुकडा गेला. शेवट लवकर दिसणार, वेग सुरुवातीपासून जास्त राहणार, आणि तो जीवघेणा मधला टप्पा कुठून सुरू होतो हे प्रशिक्षकांनाही नव्याने शोधावं लागणार.